आत्याबाईंनी मिसरी सोडली, त्यानंतरची वर्षं

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. नात्यानं त्या माझ्या आत्या नव्हत्या, पण आमच्या भागात पुष्कळ घरांत सून सासूला अशीच हाक मारते. जालना जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन ह्या घरात आले. गाव राजूरच्या पलीकडं, भोकरदनच्या बाजूला. घरात आत्याबाई, माझे मालक आणि धाकटे दीर. सासरे मी यायच्या कितीतरी आधी गेलेले. दोन्ही लेकरं लहान असताना आत्याबाईंनी शेती हातात घेतली आणि कुणाला वाट्यानं न देता स्वतः केली. पेरणीच्या दिवसांत गल्लीतले गडीसुद्धा आमच्या दारात येऊन विचारायचे, "काकू, तुमची तिफण कधी निघून राह्यली?" त्या आभाळाकडं बघायच्या, पायानं माती उकरायच्या आणि सांगायच्या. बहुतेक वेळा बराबर निघायचं.

त्या उंच होत्या, अंगानं थोराड. आवाज असा, की मळ्यातून हाक मारली तर गावाच्या वेशीत ऐकू यावी. आणि तोंडात मिसरी. तव्यावर तंबाखू काळीभोर होईस्तोवर भाजायची, मग ती वाटून डबीत भरायची. ज्या दिवशी मिसरी भाजायची त्या दिवशी घरात ठसक्यानं कुणाला उभं राहता यायचं नाही. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, कामाला लागायच्या आधी त्या ओट्यावर बसून बोटानं दात घासायच्या. बरोबरीच्या शेजारणी तिथंच यायच्या. गावातल्या निम्म्या गोष्टी त्या ओट्यावरच ठरायच्या.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली असतील. ज्वारीची काढणी झाली होती आणि मळणीचं यंत्र दुसऱ्या गावाहून आणलं होतं. दुपारी मी भाकरी घेऊन खळ्यावर गेले, तर आत्याबाई कडब्याला टेकून बसलेल्या. चालू कामात त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सावलीत असूनही चेहऱ्यावर घाम, आणि एका हातानं जबडा धरलेला.

"काय होऊन राह्यलं, आत्याबाई?"

"पित्त चढलं असंल. पाठीत कळ निघून राह्यली. पाणी दे."

पाणी प्याल्या आणि सगळं उलटून पडलं. मालक म्हणाले, "चला, घरी नेतो." त्यांनी हातानंच थांबवलं. "यंत्र गेलं तर पुन्हा कधी यायचं? आधी मळून घ्या." आम्ही ऐकलं. त्यांचं न ऐकण्याची घरात रीतच नव्हती. संध्याकाळी मळणी उरकली तेव्हा त्यांना उठता येईना. मग जीप बोलावली आणि थेट जालना गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. ती हातात धरून त्यांनी आम्हा नवरा-बायकोला बाजूला घेतलं. चाळिशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते.

"कधीपासून दुखतंय ह्यांना?"

"दुपारपासून. आम्हाला वाटलं पित्त आहे," मालक म्हणाले.

"बायांच्या बाबतीत बऱ्याचदा असंच वाटतं. छाती धरून कोसळल्या तरच हृदयाचा झटका, असं नसतं. पाठ, जबडा, घाम, उलटी, एवढंच दिसतं कधीकधी. हृदयाला रक्त नेणारी एक नळी बंद पडलीय. दुपारीच आणलं असतं तर जास्त काही करता आलं असतं."

मालकांनी मान खाली घातली. बाईमाणसाला हार्टाचा आजार होतो, हेच आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

आत्याबाई वाचल्या. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आजी, जो झटका यायचा तो येऊन गेला. आता पुढचा येऊ द्यायचा नाही, हे आपलं काम. माझं कमी आणि तुमचं जास्त." मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. मीठ किती खाता, तेल किती, साखर आहे का, आईबापांना असं काही होतं का.

"बिडी, तंबाखू?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "बाया कुठं बिडी ओढतात का?"

डॉक्टर लिहायला लागले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. सासूच्या पुढ्यात परक्या पुरुषाशी बोलायचा प्रसंग तोवर मला आला नव्हता. मी म्हणाले, "मिसरी लावतात. दिवसातून कैक वेळा."

डॉक्टरांचा हात थांबला. "मिसरी म्हणजे तंबाखूच. भाजली म्हणून तिचं विष जात नाही. आजी, बाकी सगळं हळूहळू कमी केलंत तरी चालेल, ही मात्र आजपासून बंद. नाही केली तर तुम्ही इथं परत याल, आणि त्या वेळी मी काही करू शकेन असं मला सांगता येत नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी नजर खाली केली. पण बोललेलं मागं घ्यावं असं मला वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

घरी आल्यावर त्या माझ्याशी बोलेनात. जेवायला हवं असलं तर दिराला सांगायच्या, "हिला म्हणावं भाकर दे." मिसरीची डबी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर रिकामी केली. ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. पुढचे दिवस वाईट होते. त्यांचं डोकं दुखायचं, हात थरथरायचे, बारीकसारीक गोष्टीवरून त्या लेकांच्या अंगावर धावून जायच्या. परसाकडं होईना म्हणून रडकुंडीला यायच्या. मी बडीशेप भाजून दिली, लवंग दिली, सकाळी कडुनिंबाची कोवळी काडी तोडून ठेवली. त्या काही न बोलता घ्यायच्या.

एका दुपारी त्या शेजारच्या काकूंकडून आल्या तेव्हा दात काळे होते. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आज लावली मी," त्या म्हणाल्या. "सांगायचं तर सांग तुझ्या डॉक्टरला."

दवाखान्यातून आल्यापासून त्या पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलल्या होत्या. मी पीठ मळत होते. "मी कशाला सांगू? आजची लावली ती लावली. उद्याची लावू नका," मी म्हणाले.

त्या चुलीपाशी बसल्या. लाकूड आत सारत म्हणाल्या, "लई वंगाळ सवय आहे गं. नवरा गेला तेव्हाबी एवढं जीवावर आलं न्हवतं." आणि हसल्या. मीही हसले. त्यानंतर त्यांनी मिसरी लावली नाही. मन व्हायचंच. तव्यावर मिरच्या भाजल्या तरी त्यांना तिची आठवण यायची, असं त्या सांगायच्या.

पण मिसरी सुटली म्हणून आत्याबाई पहिल्यासारख्या झाल्या, असं नाही. त्या भिऊन गेल्या होत्या. घागर उचलायच्या नाहीत, एकट्या आंघोळीला जायच्या नाहीत, झोपताना दार उघडं ठेवायला लावायच्या. लेकांनीही त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपायला घेतलं. शेताचं काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. दोघं भाऊ आपसातच पेरणीचं बोलायचे आणि त्या भिंतीकडं तोंड करून पडून असायच्या. गल्लीतले गडी दारात येऊन विचारायचे बंद झाले. मला ते बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आधी थोडं, मग वाढवत न्यायचं. दम लागला की थांबायचं. त्यात एक मोठी अडचण होती. आमच्या गावात बाई रिकाम्या हातानं चालत नाही. डोक्यावर पाटी पाहिजे, कमरेवर घागर पाहिजे, न्हाई तर काखेत लेकरू. नुसतीच चालणारी बाई म्हणजे घरात भांडून निघालेली. पहिल्या दिवशी मी त्यांना वेशीपर्यंत नेलं, तर तीन जणांनी विचारलं, "काकू, कुठं निघाल्या?" त्या तिथूनच परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामी पाटी आणि विळा घेतला. म्हणाल्या, "चल, गवताला चाललो असं सांगू." आम्ही राजूरच्या रस्त्यानं नाल्यापर्यंत गेलो आणि रिकामी पाटी घेऊन परत आलो. असे पुष्कळ दिवस गेले. मग लोकच विचारायला लागले, "काकू, तुम्हाला गवत कसं घावत न्हाई?" त्या दिवशी त्यांनी पाटी ओट्यावर ठेवली. "मी चालायला चालले," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "डॉक्टरनं सांगितलंय. ज्याला पुसायचं त्यानं त्याला पुसावं." तोच जुना आवाज, वेशीत ऐकू जाणारा. खूप दिवसांनी तो ऐकला आणि मला फार बरं वाटलं.

त्या चालण्यात आमची ओळख झाली असं म्हटलं तरी चालेल. घरात सासू-सून कामापुरतं बोलतात. रस्त्यावर काम नसायचं, म्हणून त्या बोलायच्या. कोणत्या वावरात पाणी तुंबतं, कोणता बांध कुणी कोरला, सासरे गेल्यावर भावकीनं जमीन कशी मागितली आणि त्यांनी ती कशी दिली नाही. नाला मागं पडला, पुढचं चिंचेचं झाड मागं पडलं. शेवटी आम्ही आमच्याच कापसाच्या वावरापर्यंत जायला लागलो, आणि तिथं गेल्यावर त्यांच्यानं गप्प राहवेना. "ह्या पऱ्हाटीला कोणी एवढं दाट पेरलं? विरळ करा," असं त्यांनी लेकांना सांगितलं. मालक मला हळूच म्हणाले, "आई परत आली." ते खरंच होतं.

स्वयंपाकाचा प्रश्न मी माझ्या पद्धतीनं सोडवला. त्यांच्यासाठी वेगळी अळणी भाजी करायची नाही, सगळ्या घरानंच तशी खायची. तेलाचा तवंग गेला, पापड आणि खारं लोणचं सणापुरतं उरलं, पालेभाजी आणि डाळ वाढली. दीर ताटावर बसून म्हणाले, "वहिनी, मीठ विसरलात." आत्याबाईच म्हणाल्या, "विसरली न्हाई, कमी टाकलं. खा गुमान. तुझा बापबी अचानकच गेल्ता, ध्यानात आहे का?" काही महिन्यांत सगळ्यांना सवय झाली. बाहेरची भाजी आम्हालाच खारट लागायला लागली.

आणि गोळ्या. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. पण रंगानं आणि आकारानं त्या गोळ्या ओळखायच्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी जेवल्यावर, दाबाची सकाळी. जिभेखाली ठेवायची बारीक गोळी मात्र सदा जवळ. त्यासाठी त्यांची जुनी चंची मी धुऊन दिली. चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. आधी तिच्यात सुपारी, कात असायचं. ती कमरेला खोचल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नव्हत्या.

वर्षाच्या आत त्या ठणठणीत दिसायला लागल्या. त्यांचे धाकटे भाऊ शहागडला राहायचे, रस्त्यावर त्यांचं टायरचं दुकान होतं. ते भेटायला आले. बहिणीला बघून खूश झाले आणि जेवताना म्हणाले, "आक्का, आता कशाला गोळ्या खाऊन राह्यली? गरम पडतात त्या. आमच्याकडं एक जण काढा देतो, महिन्यात नसा साफ. बिलकुल गोळी लागत न्हाई."

मालक विचारात पडले. मामांचा शब्द घरात मानला जायचा. आत्याबाईंनी घास संपवला.

"बरी दिसते ना मी?"

"एकदम बरी."

"मंग कशानं बरी आहे, त्या काढ्यानं का?" त्या म्हणाल्या. "गोळ्या बंद करायच्या तर डॉक्टर सांगंल. तू टायरचं बघ."

मामा हसत सुटले. मी पाणी वाढत होते. अशा वेळी मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा, की भांडं हातात तसंच राहायचं.

मग बरीच वर्षं नीट गेली. दिराचं लग्न झालं, माझी लेकरं शाळेत गेली, वावरात विहीर खोदली. ठरल्या दिवशी आत्याबाई जालन्याला तपासायला जायच्या, आणि डॉक्टर नव्या पेशंटला सांगायचे, "ह्या आजींना विचारा, गोळ्या कशा घ्यायच्या ते." त्या पदर सावरून सांगायला लागायच्या, आणि त्यांचा नंबर आला तरी त्यांचं सांगणं संपायचं नाही.

मामांच्या लेकीचं लग्न शहागडला होतं. आम्ही सगळे गेलो होतो. रस्त्याच्या कडेला मांडव, बाजूनं ट्रकांची रांग, वाजंत्रीचा आवाज. नवरदेव मांडवात आला होता आणि भटजी मंगलाष्टकांची तयारी करत होते. आत्याबाई बायकांच्या घोळक्यातून उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तेच होऊन राह्यलं. पाठ आणि जबडा."

त्यांनी मला बोलायला वेळच दिला नाही. जवळच्या खुर्चीत बसल्या, चंचीतून गोळी काढली, जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले. मी पदरानं वारा घालत उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "कमी हुईना. गाडी काढायला सांग."

मामा धावत आले. आतून घाबरलेले, पण मांडवभर पाहुणे. म्हणाले, "आक्का, पाचच मिनिटं. अक्षदा पडू दे, लगेच निघू."

"अक्षदा माझ्यावाचून पडतील," आत्याबाई म्हणाल्या. "मागल्या टायमाला यंत्रापायी थांबले होते मी. आता थांबत न्हाई. गाडी काढा, जल्दी."

आवाज वाढवला नव्हता. पण वराकडच्या एका पाहुण्यानं स्वतःच जीपची चावी काढली. मंगलाष्टकं मागं ऐकू येत होती आणि आम्ही अंबडच्या रस्त्यानं जालन्याकडं निघालो. सगळ्या वाटेत त्यांनी माझा हात धरला होता. एकदाच म्हणाल्या, "पोरीला म्हणावं, आत्या आशीर्वाद देऊन गेली." मी रडले नाही. मला सारखं वाटत होतं, हिनं सगळं बराबर केलंय, आता हिला काही व्हायला नको.

डॉक्टरांनी पट्टी काढली, सुया दिल्या, दोन दिवस कुणाला आत सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन ते आमच्या बाकावर, आमच्या शेजारी बसले. "ह्या वेळी इजा थोडी आहे," ते म्हणाले. "वेळेवर आल्या. आणि इतकी वर्षं तंबाखू नाही, गोळ्या नियमित, चालणं. त्याचा फायदा झाला. मी फारसं काही केलेलं नाही." मालकांनी त्यांचे पाय धरायला हात पुढं केला, तर डॉक्टर म्हणाले, "आत जा, आईचे धरा."

त्यानंतरच्या संक्रांतीची गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडं दरवर्षी हळदीकुंकू व्हायचं. विधवा म्हणून आत्याबाई त्या वेळी आतल्या खोलीत बसायच्या. कुणी बसवलं नव्हतं, रीतच तशी. त्या वर्षी वाण काय आणायचं हे त्यांनीच ठरवलं. दिराकडून भोकरदनहून लाल दंतमंजनाच्या डब्या मागवल्या, पोतंभर.

"वाण म्हणून दंतमंजन?" मी विचारलं.

"चाळण्या घरोघरी चिकार झाल्यात."

बाया आल्या. मी हळदीकुंकू लावत होते, जाऊबाई तिळगूळ देत होत्या. वाणाची पाटी आणायला मी आत गेले, तर आत्याबाई पाटी काखेत घेऊन उभ्या. "मीच देते," म्हणाल्या. मी एक क्षण थांबले. मग दार पूर्ण उघडलं आणि त्यांच्या मागून चालत बाहेर आले. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं बघितलं. आत्याबाई मधोमध बसल्या आणि बोलायला लागल्या. खळ्यावर काय झालं, पित्त कसं वाटलं, मिसरी सोडताना काय काय झालं, काही लपवलं नाही. "पाठ आणि जबडा दुखून घाम फुटला तर सैपाक टाकून दवाखान्यात जा," त्या म्हणाल्या. "सैपाक दुसरं कोणीबी करंल." मग एकीएकीच्या हातात डबी दिली.

सगळ्यांनी काही मिसरी सोडली नाही. काहींनी मंजन लेकरांना दिलं आणि ओट्यावर बसून पुन्हा काळे दात घासले. दोघीतिघींनी सोडली. त्यांत शेजारच्या काकू होत्या, ज्यांच्याकडं जाऊन आत्याबाईंनी एकदा लावली होती. त्या पुढं रोज आमच्याबरोबर चालायला यायच्या. पण त्या दिवसाचं मला जे वाटतं ते मिसरीमुळं नाही. आमच्या ओट्यावर, कुंकू लावलेल्या बायांच्या मधोमध माझी सासू बसली होती आणि एकही जण उठून गेली नाही.

त्यानंतर आत्याबाई कितीतरी वर्षं जगल्या. नातीचं लग्न त्यांनी पाहिलं, पणतू मांडीवर घेतला. गोळ्या वाढल्या, चालणं कमी झालं, शेवटी अंगणातल्या अंगणात फेऱ्या मारायच्या. गेल्या त्या हार्टानं नाही, म्हातारपणाच्या तापानं, घरात, सगळे जवळ असताना. दहाव्याला जालन्याहून डॉक्टर आले. तेही आता म्हातारे झाले होते. मामांनी त्यांची ओळख पाहुण्यांना करून द्यायला सुरुवात केली, "ह्यांनीच आमच्या आक्काला…" डॉक्टरांनी त्यांना थांबवलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "मी फक्त सांगितलं हो. सांगतो मी सगळ्यांनाच. ऐकतं कोण?"

मामा खाली बघून हसले. मी डॉक्टरांना चहा दिला. साखर कमीच घातली होती.